दुसऱ्याला सीन देणारा गट

लॉस सँटोस हे शहर जगाच्या नकाशावर कुठेच नाही. २०१३ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळातलं ते लॉस एंजेलिसवर बेतलेलं शहर आहे. मूळ खेळात तिथे गाड्या पळवायच्या, दरोडे घालायचे आणि पोलिसांना चुकवायचं एवढंच होतं. पुढे फाइव्हएम या सॉफ्टवेअरमुळे खेळाडूंना त्या शहराच्या स्वतंत्र प्रती आपापल्या सर्व्हरवर चालवता येऊ लागल्या आणि तिथे वेगळंच जग उभं राहिलं. कुणी गॅरेज टाकलं, कुणी अ‍ॅम्ब्युलन्सवर रुजू झालं, कुणी वकिली सुरू केली, कुणी हवालदाराचा गणवेश चढवला. इथे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याला नाव, गाव, स्वभाव द्यायचा आणि माइकवर त्याच्याच तोंडाने बोलत राहायचं. संवाद कुणी लिहून देत नाही, आणि उद्या काय घडणार हे कुणालाच ठाऊक नसतं. खेळणारे याला ‘आरपी’, म्हणजे रोलप्ले, म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा त्या खेळाचे बरेच स्ट्रीमर या शहरांकडे वळले आणि त्यांचे प्रेक्षकही मागोमाग आले. हायड्रा टाउन, सोल सिटी अशी भारतीय बोलीत चालणारी शहरं त्यातूनच घरोघरी माहीत झाली.

या शहरांत एकटा माणूस फार काळ रमत नाही. त्याला टोळी लागते, कंपनी लागते, खातं लागतं, कुटुंब लागतं. आधीपासून असलेल्या गटात शिरणं सोपं असतं, पण लवकरच कुणाला तरी वाटतं की आपला स्वतःचा गट हवा. ही पुस्तिका तशा वाटणाऱ्यांसाठी आहे. ती लिहिताना लेखकांच्या डोळ्यांपुढे उल्हासनगर कॅम्प १ मधली मुलंमुली होती. दिवसा कॉलेज किंवा दुकान सांभाळून रात्री लॉस सँटोसमध्ये हजेरी लावणारी ही पिढी मला मनापासून आवडते. त्यांचे आईवडील याला मोबाइलचं वेड म्हणतात, आणि त्यांच्या काळजीत तथ्यही आहे. पण तासन्‌तास दुसऱ्या माणसाच्या कातडीत राहून, समोरच्याच्या वाक्याला तिथल्या तिथे उत्तर देत गोष्ट पुढे नेणं ही कला आहे. आपल्याकडे तिला जुनी परंपरा आहे, आणि ती नीट शिकता येते.

नवे गट का बंद पडतात याचं उत्तर या पुस्तिकेत अनेक ठिकाणी आलं आहे. ते मला या प्रस्तावनेत एकदाच, सरळ सांगायचं आहे. गट काढताना आपण स्वतःकडे पाहतो. नाव काय, रंग कोणता, गाड्या किती, म्होरक्या कोण, आपला दरारा कसा बसेल, हेच आधी ठरतं. सर्व्हरवरच्या बाकीच्या माणसांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना हवा असतो सीन, म्हणजे त्यांच्या पात्राला काही करायला, बोलायला, अडायला, सुटायला मिळेल असा प्रसंग. जो गट इतरांना सीन देतो तो टिकतो. जो फक्त स्वतःसाठी सीन मागतो, त्याच्याकडे महिन्याभरात कुणी फिरकत नाही, आणि मग त्याचे स्वतःचे सदस्यही ऑनलाइन यायचे थांबतात.

एक उदाहरण सविस्तर घेतो. समजा आठ मित्रांनी बंदुका घेऊन टोळी काढली. ती रोज रात्री दुकान लुटते, पोलीस येतात, पाठलाग होतो, गोळीबार होतो. यात सीन मिळाला तो फक्त पोलिसांना, आणि तोही रोज तोच. आता त्याच आठ जणांनी लॉस सँटोसमध्ये भिशी सुरू केली असं धरा. आपल्या भागात भिशी कशी चालते हे घरातल्या बायकांना विचारायचीही गरज नाही, लहानपणापासून ती कानावर पडतच असते. ठरलेले सभासद, दर महिन्याला सारखी रक्कम, आणि चिठ्ठी निघेल किंवा बोली लागेल त्याला सगळी रक्कम एकदम. खेळातल्या डॉलरमध्ये हीच भिशी दर आठवड्याला लावली, तर पहिल्याच फेरीत गॅरेजवाला, टॅक्सीवाला, नर्स, हवालदार असे दहा-बारा परके खेळाडू तुमच्या दाराशी येतात. कुणाला नवी गाडी घ्यायची म्हणून पहिला नंबर हवा असतो, कुणी बहिणीच्या लग्नाचं कारण सांगतं. तिसऱ्या फेरीत एक जण पैसे उचलून गायब होतो. आता वसुलीला कोण जाणार? पोलिसात तक्रार दिली तर भिशीची नोंद कुठे आहे, असं हवालदार विचारणार, आणि तो हवालदार स्वतःच सभासद असला तर तो काय करणार? वकिलाला खटला मिळाला, गुंडाला वसुलीचं काम मिळालं, पळालेल्याला लपायला जागा शोधावी लागली, आणि त्याला जागा देणाऱ्या मोटेलवालीलाही आता गोष्टीत वाटा मिळाला. बंदूक एकदाही न काढता एका गटाने निम्म्या शहराला काम दिलं.

फर्निचरची वाहतूक, लग्नाचा मंडप, बँडपार्टी, जीन्स शिवणारा कारखाना आणि त्याचा थकलेला पगार, स्टेशनबाहेरची वडापावची गाडी आणि तिच्या जागेवरून होणारा तंटा, यांतलं काहीही असंच चालेल. हे सगळं आपल्या मुलांनी पाहिलेलं आहे, त्यातल्या खाचाखोचा त्यांना तोंडपाठ आहेत. इंग्रजी मालिकांतले माफिया उसने आणण्यापेक्षा हे भांडवल कितीतरी मोठं आहे.

कॅम्प १ च्या मुलांना हे जमेल असं मला वाटतं त्यामागे आणखी एक कारण आहे. आपलं शहरच दुसऱ्यांसाठी बांधलेल्या जागेत वसलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. त्यात २,१२६ बराकी होत्या. बहुतेक बराकींत मधोमध मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी रचना होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबं तिथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. पाच कॅम्पांचे आकडे मात्र सैन्याच्या वेळचेच राहिले, आजही पत्ता सांगताना तेच सांगतो. ज्या हॉलमध्ये शिपाई झोपायचे तिथे गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. पुढे त्याच बराकींतून दुकानं आणि कारखाने निघाले, आणि कल्याण, अंबरनाथ, बदलापूरची माणसं खरेदीला इकडे येऊ लागली. दुसऱ्याने आखलेला नकाशा आपण बदलू शकत नाही, पण शेजाऱ्याला आपल्याकडे यावंसं वाटेल असं काहीतरी त्यात उभं करू शकतो. लॉस सँटोसचा नकाशाही परक्यांनीच आखलेला आहे. तिथे शहाडचं विठ्ठल मंदिर नाही, सेंच्युरी रेयॉनचा भोंगा नाही, वालधुनी नाही. गटाने ते आपल्या बोलण्यातून आणि धंद्यातून आणायचं आहे.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. कॅम्प १ मध्ये एका गल्लीत सिंधी, हिंदी आणि मराठी कानावर पडते, आणि बहुतेक भारतीय सर्व्हर हिंदीत चालतात. काही जणांना फक्त मराठी बोलणाऱ्यांचा गट काढावासा वाटतो. ती ओढ मी समजू शकतो. तरी दार बंद करून मराठी जपण्यापेक्षा बाहेरच्यांना ज्याची गरज आहे असा धंदा मराठीत चालवावा, असं माझं मत आहे. वडापावच्या गाडीवरची मावशी मराठीतच बोलेल, गिऱ्हाईक हिंदीत मागेल, आणि आठवड्याभरात तेच गिऱ्हाईक “मावशी, चटणी जास्त” म्हणू लागेल. मराठी पात्र लिहिताना मात्र त्याला सिनेमातला अडाणी हवालदार किंवा नुसता आरडाओरडा करणारा कार्यकर्ता करू नका. तो ठसा दुसऱ्यांनी आपल्यावर मारलेला आहे, तो आपण स्वतःवर पुन्हा का मारून घ्यायचा?

ही कला आपल्याकडे जुनी आहे असं वर म्हटलं. तळकोकणातला आणि गोव्यातला दशावतार पाहिलेल्यांना ते लगेच पटेल. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, कुणी कोणतं पात्र घ्यायचं ते ठरतं, आणि मग रात्रभर संवाद रंगमंचावर तयार होतात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा, तो वाढवायचा आणि परत त्याच्याकडे सोपवायचा. स्वतःच बोलत राहणाऱ्या नटाला तिथे कुणी चांगला म्हणत नाही. आरपी खेळणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी सिंधुदुर्गात जाऊन पूर्ण रात्रीचा दशावतार बसून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुन्या गटातून फुटून नवा गट काढण्याचा धडा मात्र संगीत नाटकाकडून घ्यावा लागतो. १८८० साली सुरू झालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही आपापल्या जागी मोठे, तिघांची मालकी. दोनच वर्षांत टेंबे वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही बाहेर पडले. समान मानाच्या माणसांनी एकत्र येऊन गट काढताना शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरलं नाही, तर प्रेम असूनही तो मोडतो. आपल्या सर्व्हरवर हे दर हंगामात घडताना दिसतं. तीन जिवलग मित्र ‘को-लीडर’ होतात आणि परीक्षेच्या आधीच एकमेकांना ब्लॉक करतात.

त्याच काळातला दुसरा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली होती आणि गंधर्व मंडळी व ललितकलादर्श यांच्यात उघड चुरस होती. तरीही ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ नाटकाचा ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनीच्या, केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत. चुरस असलेल्या दोन गटांनी एकाच रंगमंचावर उभं राहून एकमेकांना जागा दिली, आणि महाराष्ट्र तो प्रयोग अजून विसरलेला नाही. जुन्या गटातून बाहेर पडताना माणसं चोरून फोडू नका, जुन्या म्होरक्याला आधी सांगा, आणि शक्य झालं तर तुमच्या नव्या गटाचा पहिला मोठा सीन त्याच्याच गटाबरोबर करा. शत्रुत्व पात्रांत ठेवा, ते तिथे शोभतं.

बाहेरच्या जगाचा अनुभव पुस्तिकेत जागोजाग आला आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्रं नव्हती, सगळं शब्दांत होतं. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. काहींना कमवायचं असतं, काहींना शोधायचं असतं, काहींना गप्पा हव्या असतात आणि काहींना दुसऱ्याला सतावायचं असतं. नवा गट भरताना आपण नकळत आपल्याच स्वभावाची माणसं निवडतो. आठही जण कमावणारे असले तर गटाचा हिशोब वाढतो, पण गोष्ट हलत नाही. गप्पा मारणारी दोन माणसं आधी शोधा. त्यांच्याकडे पैसा नसेल, गाडी नसेल, पण रात्री गट जिवंत ठेवतात ते तेच.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २००४ मध्ये आला, तेव्हा नवा गिल्ड, म्हणजे गट, काढणाऱ्याला एक सनद विकत घ्यावी लागायची आणि तिच्यावर आणखी नऊ खेळाडूंच्या सह्या आणाव्या लागायच्या. त्या नऊ सह्यांसाठी माणसं शहराच्या चौकात उभी राहून अनोळखी लोकांना थांबवायची, आपण काय करणार आहोत ते समजावून सांगायची. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ज्याला नऊ अनोळखी माणसांना आपल्या गटाचं काम चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याने अजून थांबावं. आपल्याकडच्या अनेक सर्व्हरवर अ‍ॅडमिन गटाची पार्श्वकथा आणि सदस्यांची यादी मागतात, काही काळ गटाला कच्ची मान्यता देऊन पाहतात. मुलं याला कटकट समजतात. या पुस्तिकेतल्या दुसऱ्या प्रकरणात तो अर्ज कसा लिहावा हे आहे, आणि ते प्रकरण गाळू नये असं मी आवर्जून सांगतो.

अधिकाराबद्दलची सर्वांत कडू गोष्ट ‘ईव्ह ऑनलाइन’ची आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स ही त्या खेळातली अत्यंत बलाढ्य युती एका रात्रीत विसर्जित झाली. लढाई हरल्यामुळे नव्हे. संचालकाचे अधिकार असलेला एक सदस्य प्रतिस्पर्धी गूनस्वॉर्मला जाऊन मिळाला, आणि युती मोडायचं बटण त्याच्या हाताशी होतं. वर्षानुवर्षांची मेहनत एका माणसाच्या निर्णयाने गेली. तिजोरी, सदस्य काढणं आणि गट बरखास्त करणं हे तीन अधिकार एकाच हातात देऊ नका, आणि तिघा-चौघांना प्रत्येकी तिन्ही तर मुळीच देऊ नका.

शिक्षेचं म्हणाल तर ‘लॅम्ब्डामू’चा इतिहास वाचावा. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने १९९० मध्ये सुरू केलेलं ते शब्दांचं जग. तिथल्या प्रशासकांनी भांडणांतून अंग काढून घेतलं होतं. १९९३ मध्ये एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. ज्यांच्या पात्रांवर ते झाले त्यांचा मनस्ताप अगदी खरा होता. लोकांनी तासन्‌तास चर्चा केली, निर्णय होईना, शेवटी एका प्रशासकाने एकट्याने त्याचं खातं काढून टाकलं. त्यानंतर कर्टिसने सदस्यांच्या अर्जांची आणि मतदानाची पद्धत आणली. भांडण पेटल्यावर नियम लिहायला बसणाऱ्यांचं असंच होतं.

म्हणून काही नियम गट सुरू होण्याआधीच लिहिलेले हवेत. पात्राचा राग आणि खेळणाऱ्याचा राग वेगळे ठेवणं, बाहेर कळलेली माहिती पात्राच्या तोंडी न घालणं, समोरच्याला पर्यायच उरणार नाही अशी बळजबरी न करणं हे सर्व्हर शिकवतोच. घरच्या वातावरणातून येणारे नियम मात्र आपल्यालाच करावे लागतात. इथली बरीच मुलं एका खोलीत सगळ्या कुटुंबासह राहतात. रात्री एक वाजता, शेजारी आजी झोपलेली असताना, डॉन होऊन ओरडता येत नाही. अशा खेळाडूला ‘माइक खराब आहे का?’ म्हणून हिणवणारा गट नालायक आहे. त्याला कमी बोलणारं पात्र द्या, ‘स्लॅश मी’ हा आदेश टाइप करून हावभाव लिहून सांगायची मुभा द्या. हळू आवाजात बोलणारा मुनीम किंवा खबऱ्या हा ओरडणाऱ्या डॉनपेक्षा कितीतरी जास्त लक्षात राहतो.

मुलींच्या बाबतीत याहून कडक असायला हवं. आवाज ऐकताच पात्र सोडून मुलीचा इन्स्टाग्राम विचारणारे प्रत्येक शहरात भेटतात. अनेक मुली म्हणूनच आवाज बदलून, पुरुष पात्र घेऊन किंवा न बोलता खेळतात. हे त्यांच्या आवडीने होत असेल तर उत्तम. भीतीने होत असेल तर दोष गटाचा आहे. पहिल्या तक्रारीला त्या मुलाला गटाबाहेर काढा, मग तो तुमचा शाळासोबती का असेना. आणि सदस्याचं वय विचारा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे. शाळकरी मुलगा गटात असेल तर त्याच्यासमोर कोणते सीन होणार नाहीत आणि त्याने किती वाजता घरी, म्हणजे खऱ्या घरी, झोपायला जायचं, हे मोठ्यांनी ठरवावं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. आपल्या शहराने खऱ्या टोळ्या आणि खरे खून पाहिले आहेत. त्या घटनांतल्या माणसांची नावं, त्यांच्या लकबी, त्यांचे मोहल्ले उचलून पात्रं करू नका. ज्यांच्या घरातला माणूस गेला ती कुटुंबं अजून इथेच राहतात, त्यांची नातवंडं कदाचित त्याच सर्व्हरवर असतील. जात आणि धर्म यांवरून टोळ्या बांधू नका. फाळणीतून उठून आलेल्यांच्या वस्तीत तरी हे समजावून सांगावं लागू नये.

पुस्तिकेत पैशाबद्दल फार नाही, आणि तेच बरं. गट चालवायला सदस्यांकडून खरे रुपये घेऊ नका, खेळातली मालमत्ता खऱ्या पैशांना विकू नका. ज्या दिवशी व्यवहार सुरू होतो त्या दिवसापासून मित्र गिऱ्हाईक होतात.

म्होरक्याचं जाणं हा विषय शेवटी ठेवला आहे, कारण गट काढणाऱ्याला तो सुचतच नाही. कुणाला नोकरी लागते, कुणाची रात्रपाळी सुरू होते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचा संगणक बिघडतो आणि दुरुस्तीला पैसे नसतात. माणूस कळवायचं विसरतो, आणि गट जिथे एकमेकांशी बोलतो त्या डिस्कॉर्डवरच्या जागेची मालकी त्याच्याच खात्यात अडकून पडते. पाचव्या प्रकरणात लेखकांनी सुचवलं आहे की पहिल्या महिन्यातच वारस ठरवावा आणि म्होरक्याच्या पात्रालाही गोष्टीत निवृत्त व्हायची वाट ठेवावी. भिशीवाला शेठ मुलीकडे राहायला परगावी जातो, वही पुतण्याच्या हाती देतो, आणि पुतण्याला पहिल्याच दिवशी कळतं की दोन सभासदांचे हप्ते थकलेले आहेत. हा निरोपाचा सीनही इतरांना काम देऊनच जातो.

ही पुस्तिका सुरू होते ती पात्राच्या कामधंद्यापासून. गटाचं नाव, रंग आणि चिन्ह यांना तिच्यात शेवटची दोन पानं आहेत.